नावापुरती मालकीण

बिडकीनमध्ये आज घर राहण्यापेक्षा फिरवण्यासाठी जास्त घेतलं जातं. औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या, मोबदला आला, २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्याची घोषणा झाली. रो-हाऊस घ्यायचं, भाव चढला की विकायचं, हा चार पैसे बाळगणाऱ्या घरांचा जोडधंदा झाला आहे. आणि खरेदीखतावर नाव असतं बाईचं.

नाव लागलं म्हणून आपण आनंद मानावा का? माझ्या मते, इतक्यात नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकांच्या नावे जमिनी झाल्या, त्यामागे बाईच्या कष्टाची कबुली होती. इथे आहे १ टक्क्याचा हिशेब. १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ३० लाखांच्या घरावर ३० हजार रुपये. ते घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही, अशी अट होती. २०२३ मध्ये ती निघाली आणि घर फिरवणाऱ्यांची सोय झाली.

आमच्या केंद्रावर आलेल्या एका बाईने कागदोपत्री दोन घरं घेऊन विकली होती. पासबुक कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आयकराची नोटीस मात्र तिच्या नावे आली होती.

एजंट सांगतात, 'वहिनींना उत्पन्न नाही, म्हणजे कर नाही.' हे अर्धसत्य आहे. २४ महिन्यांच्या आत घर विकलं तर नफा नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो. पण पैसा नवऱ्याने दिलेला असेल, तर तो नफा कायद्याने नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवावा लागतो. तो लपवला, तर विचारणा आधी बाईलाच होते, कारण विक्रीवर पॅन तिचा असतो. व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. कागदावर घेणारी तीच. उघड उत्पन्नातून बायकोच्या नावे घेतलेलं घर बेनामी ठरत नाही. सुनेच्या किंवा भावजयीच्या एकटीच्या नावाला ही सूट नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बेनामी व्यवहाराला १ ते ७ वर्षं सक्तमजुरी आहे.

मग १५ वर्षांची अट परत आणा म्हणायचं का? मुळीच नाही. विकता न येणारी मालमत्ता ही अर्धीच मालमत्ता. अडचण आली तर घर विकून मोकळं होण्याचा हक्क बाईला हवाच. आपली मागणी वेगळी असावी: सवलत घेताना दुय्यम निबंधकांनी बाईशी एकटीशी बोलावं, व्यवहार तिला समजेल अशा भाषेत सांगावा, आणि विक्रीची रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यातच जमा व्हावी.

तोवर गटाच्या बैठकीत एवढं तरी ठरवू या. अंगठा किंवा सही करण्याआधी चार गोष्टी विचारायच्या: पैसा कुणाचा, खातं कुणाचं, विवरणपत्र कोण भरणार आणि नफ्यात माझा वाटा किती? खरेदीखताची आणि सूची दोनची प्रत आपल्या पेटीत ठेवायची. घरात यावरून कटकट होईल. पण नोटीस आपल्या नावे येणार असेल, तर प्रश्नही आपणच विचारायला हवेत.