समुपदेशक नेमला, पुढे काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले होते. कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. यात शाळेपासून विद्यापीठापर्यंतचे सगळेच विद्यार्थी मोजले आहेत. तरीही उच्च शिक्षणाच्या वयाकडे वेगळे पाहावे लागते, कारण अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार, आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात वयाच्या चोविशीपर्यंत झालेली असते. घर सोडणे, वसतिगृह, नवे शहर, परीक्षा आणि नोकरीची चिंता हे सारे नेमके याच वर्षांत एकत्र येते.

सरकारी प्रयत्नांची यादी लहान नाही. कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू केला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही चोवीस तासांची मोफत दूरध्वनी सेवा आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. या तिन्हींत अडचण एकच आहे. मदत उपलब्ध असते, पण ती मागायला विद्यार्थ्यानेच पुढे यायचे असते. नैराश्याने घेरलेल्या माणसाला नेमके तेच जमत नाही.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निकाल महत्त्वाचा ठरतो. मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. प्राध्यापकांपासून कार्यालयीन कर्मचाऱ्यांपर्यंत सर्वांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे.

यातला ‘किमान एक’ हा शब्दप्रयोग नीट वाचायला हवा. दीडशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला तो पुरेल, पण पाच हजारांच्या महाविद्यालयाला कसा पुरणार? विद्यार्थी आणि समुपदेशक यांचे प्रमाण योग्य असावे, असे निकालात म्हटले आहे, पण आकडा दिलेला नाही. आकडा नसला की कागदावर एक नाव टाकून काम भागते. एखाद्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ सोपवला जातो. जो अंतर्गत गुण देतो आणि हजेरी मांडतो, त्याच्यासमोर मन मोकळे कोण करील?

मनुष्यबळाचीही टंचाई आहे. देशात लाख लोकसंख्येमागे जेमतेम पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, पण ‘समुपदेशक’ ही पाटी अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमानंतरही लागू शकते. त्यामुळे पद भरले की नाही, यापेक्षा ते कोणी भरले, पूर्णवेळ आहे का आणि गोपनीयतेची हमी कोण देते, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत.

दुसरी बाजू सहसा आरोग्याच्या चर्चेत येत नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातील आत्महत्यांचा अभ्यास करण्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच्या अंतरिम अहवालानंतर जानेवारी २०२६ मध्ये न्यायालयाने दिलेल्या निर्देशांत थकीत शिष्यवृत्ती वेळेत देण्याचा आणि प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरण्याचा समावेश आहे. शिष्यवृत्ती उशिरा आली म्हणून विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखता येणार नाही, वसतिगृहातून काढता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

वरवर पाहता ही हिशेबाची बाब. पण ‘महाडीबीटी’वर अर्ज करून महिनोन्‌महिने पैशांची वाट पाहणाऱ्या, आणि दरम्यान शुल्कासाठी कार्यालयाकडून तगादा सोसणाऱ्या विद्यार्थ्याचा ताण समुपदेशनाच्या खोलीत सुटत नाही. तो लेखा विभागात सुटतो. जातीवरून टोमणे ऐकावे लागणाऱ्या मुलीला श्वसनाचे व्यायाम शिकवून भागत नाही. तिची तक्रार घेणारी आणि तिच्यावर सूड उगवू न देणारी यंत्रणा लागते. समुपदेशक हवाच. मात्र संस्थेने निर्माण केलेला ताण विद्यार्थ्याच्या ‘मनाच्या कमकुवतपणा’त जमा करण्यासाठी त्याचा वापर होता कामा नये.

पालक आणि विद्यार्थ्यांनी प्रवेश घेताना महाविद्यालयाला चार साधे प्रश्न जरूर विचारावेत. समुपदेशक आठवड्यातून किती तास बसतात? त्यांची पात्रता काय? त्यांना सांगितलेली गोष्ट कोणापर्यंत जाते? शिष्यवृत्ती रखडली तर महाविद्यालय काय करते? उत्तरे मोघम आली, तर सूचनाफलकावरील परिपत्रकाला फारसा अर्थ नाही असे समजावे.

आपल्या किंवा जवळच्या कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर थांबू नये. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. अशा विचारांबद्दल थेट विचारल्याने ते बळावत नाहीत. उलट समोरच्याला बोलायला वाट मिळते.