सीमेवरची संध्याकाळ

शुक्रवारी संध्याकाळी बंगळुरूतील कार्यालये सुटली, की शहराबाहेर जाणारे रस्ते वाहनांनी भरून जातात. आठवडाभर संगणकापुढे बसलेल्या तरुणांना दोन दिवसांची मोकळीक मिळालेली असते. कोणी म्हैसूरला जातो, कोणी कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांकडे वळतो, कोणी पहाटेचा सूर्य पाहण्यासाठी नंदी टेकडी चढतो. काही जण मात्र एखादी सुट्टी जोडून घेतात, विमानाने दिल्ली गाठतात आणि तेथून मोटारीने पंजाबातील अटारी सीमेकडे निघतात. तेथे रोज सूर्यास्ताच्या वेळी भारत आणि पाकिस्तान यांचे राष्ट्रध्वज समारंभपूर्वक उतरवले जातात. तो सोहळा पाहण्यासाठी एवढा लांबचा प्रवास करणे ही देशाविषयीच्या ओढीची खूण आहे, यात शंका नाही. परंतु तेथे जाऊन काय पाहावे आणि परत येताना मनात काय घेऊन यावे, याचा विचार फारसा होत नाही. तो व्हायला हवा.

अशा प्रवासाला निघालेले दोन मित्र डोळ्यांसमोर आणावेत. एक मराठी भाषक, दुसरा कन्नड भाषक. बंगळुरूत एकाच कार्यालयात काम करणारे, एकमेकांच्या डब्यातली भाकरी आणि चित्रान्न वाटून खाणारे. ‘सीमा’ हा शब्द दोघांच्याही कानांवर लहानपणापासून पडलेला असतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सीमाप्रश्नावर दोन्हीकडे मोर्चे निघाले, घोषणा झाल्या. तरीही त्या वादाने या दोघांच्या मैत्रीत भिंत उभी केलेली नाही. आपली बाजू सोडायची नाही आणि समोरच्याला शत्रूही मानायचे नाही, ही गोष्ट माणसांना साधते, याचा पुरावा त्यांच्या मोटारीतच बसलेला असतो.

दिल्लीपासून अमृतसरपर्यंतचा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा रस्ता मराठी माणसाला परका नाही. पानिपत या रस्त्यावरच लागते. १४ जानेवारी १७६१ रोजी तेथे जे घडले, त्याच्या स्मरणाने ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचारच मराठीत रूढ झाला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १७५८ मध्ये, मराठी फौजा याच दिशेने लाहोरपर्यंत पोहोचल्या होत्या. ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा शब्दप्रयोग त्या मोहिमेची आठवण देतो. परंतु तलवार घेऊन गेलेल्यांच्याही कितीतरी आधी एक मराठी माणूस येथे हातात टाळ घेऊन आला होता. बियास नदी ओलांडल्यावर थोडी वाट वाकडी केली, तर गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव लागते. संत नामदेवांचे तेथे दीर्घकाळ वास्तव्य होते. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट केलेली आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले होते. सीमेकडे जाणाऱ्या प्रवाशाने झेंड्यांबरोबर हे टाळही आठवावेत.

अमृतसरपासून अटारी सुमारे तीस किलोमीटरवर आहे, आणि पलीकडे लाहोर त्याहूनही जवळ. १९४७ पूर्वी या दोन शहरांतील माणसे व्यापारासाठी, लग्नकार्यासाठी सहज ये-जा करीत. रॅडक्लिफ यांच्या समितीने आखलेली सीमारेषा १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झाली आणि लक्षावधी माणसे डोक्यावर गाठोडी घेऊन याच प्रदेशातून अलीकडे-पलीकडे गेली. त्यांतील कित्येक वाटेतच मारली गेली. आज जेथे प्रेक्षकांसाठी सज्जे उभे आहेत, ती भूमी अशी आहे.

ध्वजावतरणाचा सोहळा १९५९ पासून चालत आला आहे. आपल्याकडे सीमा सुरक्षा दलाचे आणि पलीकडे पाकिस्तान रेंजर्सचे जवान तुरेदार फेटे बांधून संचलन करतात. ते झपाट्याने पुढे येतात, पाय कपाळापर्यंत उंच नेतात, मिशांना पीळ देतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या याच दृश्याला. परंतु सोहळ्याचा गाभा त्यानंतर येतो. बिगुल वाजतो आणि दोन्ही ध्वज एकाच वेळी, एकाच गतीने खाली येऊ लागतात. एक क्षणभरही वर राहणार नाही आणि दुसरा खाली जाणार नाही, याची काळजी दोन्हीकडचे जवान घेतात. मग ध्वजांची घडी घातली जाते, दोन्हीकडचे जवान हस्तांदोलन करतात आणि फाटके बंद होतात, असा प्रघात होता. वरकरणी ही स्पर्धा वाटते. प्रत्यक्षात दोघांनी मिळून पाळलेली ही शिस्त आहे. एका पक्षाने ती एकट्याने पाळायची म्हटली, तर हा सोहळा होऊच शकत नाही.

या आवेशात द्वेषाला खतपाणी मिळते, म्हणून हा प्रकार बंद करावा, असे काहींना वाटते. उलट, दोन घटका घोषणा दिल्याने कोणाचे काय बिघडते, असे इतर विचारतात. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. जवानांचा आवेश हा सरावाने बांधलेला असतो. तो कोठे थांबवायचा हे त्यांना ठाऊक असते. २०१० च्या सुमारास दोन्ही दलांनी आक्रमक हावभाव कमी करण्याचे ठरवले होते. प्रेक्षकांच्या आवेशाला मात्र असा बांध नसतो. स्वतःच्या देशाचा जयजयकार करणे वेगळे आणि समोरच्या सज्जात मुलाबाळांसह बसलेल्या माणसांना शिव्या देणे वेगळे. २ नोव्हेंबर २०१४ रोजी वाघ्याच्या बाजूला सोहळा पाहून घरी परतणाऱ्या लोकांवर आत्मघाती हल्ला झाला आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आपल्यासारखीच हौसेने आलेली ती कुटुंबे होती.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी सव्वीस निरपराध माणसांची हत्या केली. त्यानंतर भारताने सोहळ्याचे स्वरूप मर्यादित केले. ध्वज उतरवताना फाटके बंद ठेवली आणि हस्तांदोलन थांबवले. मे महिन्यात काही दिवस प्रेक्षकांना प्रवेशही नव्हता. रक्त सांडलेले असताना हसून हात पुढे करता येत नाही, ही भावना रास्तच होती. परंतु जे थांबले, त्याची किंमतही ओळखली पाहिजे. हस्तांदोलन हे दुबळेपणाचे लक्षण असते, तर ते थांबवण्याला काही अर्थच उरला नसता. ते मोलाचे होते, म्हणूनच ते थांबवणे हा निषेध ठरला.

फिरोजपूरजवळ हुसैनीवाला येथेही असाच सोहळा होतो. १९३१ साली फाशी गेलेल्या भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांचे स्मारक तेथे सीमेला लागूनच आहे. राजगुरू पुणे जिल्ह्यातील खेडचे. त्यांना फाशी झाली ती लाहोरच्या तुरुंगात. १९६१ साली काही गावांच्या बदल्यात ही जागा भारताने पाकिस्तानकडून मिळवली. वाटाघाटींनी मिळवलेली ही भूमी हुतात्म्यांच्या सन्मानाचीच साक्ष देते. राष्ट्राचा मान राखण्याचे मार्ग अनेक असतात, हे तेथे उभे राहिल्यावर समजते.

सोमवारी सकाळी ते दोघे मित्र पुन्हा बंगळुरूच्या रहदारीत अडकलेले असतील. त्यांच्या भ्रमणध्वनीत सीमेवरची छायाचित्रे असतील. त्याच शहरात, इंदिरा गांधी संगीत कारंजे उद्यानाजवळ, राष्ट्रीय सैनिक स्मारक आहे. तेथे ध्वनिवर्धक नाहीत, घोषणा नाहीत. दगडांवर कोरलेली हुतात्म्यांची नावे आहेत. अटारीला ज्याचा आवाज सर्वांत मोठा होता, त्याने एकदा येथे येऊन ती नावे शांतपणे वाचावीत. सीमेवरची संध्याकाळ त्याला खऱ्या अर्थाने तेव्हा कळेल.