रुप्याची उसनी कुळी

आमच्यांतील सधन व सुशिक्षित कुटुंबांत जुन्या विलायती चांदीच्या भांड्यांची एक हौस आढळते. चहाचें पात्र, साखरदाणी, तबक, काटे-चमचे यांपैकीं कांहीं तरी दिवाणखान्याच्या कपाटांत मांडलेलें असतें, आणि यजमान पाहुण्यास प्रथम सांगतात तें हें, कीं ही वस्तु अमुक लॉर्डाच्या घराण्यांतून आली आहे. वस्तूचें रूप पाहण्यास पुढें अवकाश मिळतो. कुळी मात्र आधीं ऐकावी लागते. मुलगी पाहतांना कुळी विचारण्याची चाल जुनाट म्हणून टाकून देणारे हेच लोक साखरदाणीची कुळी विचारल्यावांचून तिला घरांत घेत नाहींत! या हौसेविषयीं चार शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत.

प्रथम जें चांगलें आहे तें मान्य करूं. इंग्रज कारागिराचें काम नेटकें असतें, आणि त्यावरील छापांची शिस्त तर अनुकरणीय आहे. भांड्याच्या तळाशीं चालता सिंह असला, कीं हजार भागांत निदान ९२५ भाग शुद्ध रुपें आहे असें समजावें. बिबट्याचें मुख हें लंडनच्या परीक्षेचें चिन्ह. एका अक्षरावरून वर्ष कळतें, आद्याक्षरांवरून कारागीर. १७८४ पासून १८९० पर्यंतच्या भांड्यावर राजाचें वा राणीचें मुख असेल, तर ती सरकारी कर भरल्याची पावती होय. इतकें सर्व चार-पांच ठशांत सांगणाऱ्या वस्तूला खोटें बोलणें कठीण. खोटें बोलतो तो तिच्याविषयीं बोलणारा मनुष्य. आणि त्याचें खोटें बहुधा सांगण्यांत नसून गाळण्यांत असतें.

याचें उदाहरण शोधावयास फार दूर जावयास नको; तें आमच्या मराठवाड्यांतच आहे. जालना जिल्ह्यांतील असई येथें, कैलना आणि जुई या नद्यांच्या दुआबांत, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्ली यानें शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. इंग्रजांकडील ४२८ माणसें मेलीं व ११३८ जखमी झालीं. मराठ्यांकडील मेलेले व जखमी मिळून सुमारें सहा हजार असावेत असा अंदाज आहे. दोहों बाजूंच्या मृतांत याच देशचे शिपाई पुष्कळ होते. पुढल्या वर्षीं वेलस्लीच्या हाताखालील अधिकाऱ्यांनीं त्याला दोन हजार गिनींचें सुवर्णपात्र देण्याचें ठरविलें. मागाहून त्याऐवजीं भोजनाचीं भांडीं देण्याचा बेत झाला. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला तो संच ‘डेक्कन सर्व्हिस’ या नांवानें प्रसिद्ध असून आज लंडनच्या अ‍ॅप्स्ली हाउसमध्यें आहे. ज्या १९४७ सालीं आपण स्वतंत्र झालों, त्याच सालीं सातव्या ड्यूकानें तें घर आपल्या राष्ट्राच्या हवालीं केलें, आणि १९५२ पासून तें सर्वांस पाहावयास खुलें झालें.

आतां या संचास ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या घराण्यांतील भांडीं’ असें म्हटलें, कीं ऐकणाऱ्यास वाटतें, ड्यूकाचें घराणें आधीं होतें व भांडीं मागाहून आलीं. इतिहास उलट सांगतो. वेलस्ली हा अर्लचा मुलगा होता हें खरें. परंतु ड्यूक तो झाला १८१४ सालीं. भांडीं आधीं, पदवी मागाहून. आणि दोहोंच्याही आधीं असई! तो संच लुटींतला नव्हे, भेटीचा आहे. तो परत मागावा असेंही आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं कुळी सांगावयाची तर पुरती सांगा. उद्यां बीड जिल्ह्यांतील युसूफ वडगांवची एखादी मुलगी शिक्षणासाठीं लंडनास गेली आणि त्या भांड्यांपुढें उभी राहिली, तर ‘डेक्कन’ म्हणजे आपलाच मुलूख, हें तिला कोणी सांगावयास नको काय?

यावर रसिक म्हणतात, ‘कलेला इतिहासाचा विटाळ कशाला?’ ठीक आहे. मग लॉर्डाचें नांवही घेऊं नका. निव्वळ घडणीला दाम द्या. नांवासाठीं अधिक दाम मोजतां, तेव्हां तुम्ही इतिहासच विकत घेतां. आणि घेतलेल्या पोथीचें गोड पान वाचून कडू पान फाडतां येत नाहीं.

परंतु याहून मोठा आक्षेप पुढेंच आहे. ज्यांना कुळीची इतकी चाड, त्यांच्या स्वतःच्या पणजीच्या रुप्याचें काय झालें? भांड्यावर नांव घालण्याची चाल आमच्या घरोघरीं आहे. कोणीं दिलें, कोणास दिलें, कोणत्या मंगलकार्यांत दिलें, हें सारें वाटीच्या कांठावर ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेलें असतें. विलायती छाप कारागीर व कर यांची साक्ष देतो. हीं अक्षरें मायेची साक्ष देतात. तीं अत्तरदाणी, तांब्या, फुलपात्र आम्ही सराफाकडे नेतों. तो वजन करतो, घट धरतो, आणि नांवासकट सारें मुशींत आटतें. दुष्काळांत बियाण्यासाठीं शेतकऱ्याला घरांतली चांदी मोडावी लागली, तर त्यास दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. पण ज्यांच्यावर असा प्रसंग नाहीं, त्यांनीं केवळ नव्या तऱ्हेच्या हौसेपायीं स्वतःची कुळी वितळवावी आणि परक्याची दाम देऊन आणावी, याला रसिकता म्हणत नाहींत.

मोडावयाचीच असेल तर चांदी खुशाल मोडा. पण त्यापूर्वीं तिच्यावरील अक्षरें निदान वहींत उतरून घ्या. ज्या घरांत मुलांना विलायती लॉर्डाचें नांव पाठ आहे आणि पणजीचें ठाऊक नाहीं, त्या घरच्या कपाटांतलें रुपें हजारांत ९२५ भाग शुद्ध असेल. हीण आहे तें यजमानाच्या अभिमानांत.