अभिजाततेचा मक्ता कोणाकडे?

१९३७ साली इटलीतील व्हेनिस चित्रपट महोत्सवात ज्या चित्रपटांचा गौरव झाला, त्यांपैकी दोघांची आज आठवण करून द्यावयाची आहे. एक फ्रान्सच्या ज्याँ रेन्वा यांचा 'ग्रँड इल्युजन'. दुसरा पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम'. एकाच वर्षी, एकाच व्यासपीठावर, जगाने या दोन्ही कलाकृतींची दखल घेतली.

पुढे काय झाले? अमेरिकेतील 'क्रायटेरियन कलेक्शन' या प्रख्यात डीव्हीडी-मालिकेत 'ग्रँड इल्युजन'ला क्रमांक १ मिळाला. 'संत तुकाराम'ला व्हेनिसमध्ये मिळालेले प्रशस्तिपत्र मात्र गहाळ झाले होते. १९७४ साली ते कचऱ्यात सापडले आणि २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोहोचले.

एकाच्या माथी क्रमांक पहिला आणि दुसऱ्याच्या नशिबी कचराकुंडी! या दोन टोकांमध्ये कलागुणांचे अंतर किती आणि निगराणीचे किती, हा प्रश्न प्रत्येक चित्रपटरसिकाने स्वतःला विचारला पाहिजे. कारण गेल्या पाव शतकात आपल्याकडील सुशिक्षित तरुण पिढीची चित्रपटविषयक अभिरुची घडविण्याचे काम विद्यापीठांनी केले नाही, वृत्तपत्रांनी केले नाही. ते मोठ्या प्रमाणावर या परदेशी तबकड्यांच्या मालिकांनी केले. 'क्रायटेरियनमध्ये आहे' हे दोन शब्द उच्चारले की चित्रपट अभिजात ठरला. नसेल, तर त्याची चर्चाही करावयाची नाही.

ऋण मान्य करू या

टीका करण्यापूर्वी ऋण मान्य करणे ही आपली रीत आहे. १९८४ साली 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' या दोन चित्रपटांच्या लेझर डिस्कने क्रायटेरियनचा आरंभ झाला. रुंद पडद्यासाठी चित्रित केलेले चित्रपट दूरचित्रवाणी संचाच्या चौकटीत बसविण्यासाठी दोन्ही बाजूंनी सरसकट कापले जात, असा तो काळ होता. दिग्दर्शकाने योजलेली चौकट जशीच्या तशी दाखविण्याचा आग्रह या संस्थेने धरला. 'किंग काँग'च्या तबकडीवर रोनाल्ड हेवर या अभ्यासकाचे समांतर भाष्य देऊन तिने चित्रपटासोबत त्याचे विवेचन ऐकण्याची सोय केली. १९९८ पासून डीव्हीडीच्या रूपात तिने जपान, स्वीडन, इटली, फ्रान्स येथील उत्तमोत्तम चित्रपट घराघरांत नेले. जुन्या प्रतींचे पुनरुज्जीवन, निर्दोष उपशीर्षके, सोबत अभ्यासपूर्ण लेखांची पुस्तिका. हे कार्य लहान नाही. आपल्या येथील कितीतरी जिज्ञासूंनी कुरोसावा आणि बर्गमन प्रथम पाहिले ते अमेरिकेहून येणाऱ्या एखाद्या आप्ताच्या सामानातून आलेल्या तबकडीवर, किंवा तिच्या चोरट्या प्रतीवर. ते ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु दुकानातील फळी उत्तम मांडलेली आहे म्हणून तीच संपूर्ण बाजारपेठ होत नाही. येथेच वैचारिक घोटाळा होतो.

यादी बनते कशी?

क्रायटेरियनच्या प्रत्येक तबकडीच्या कण्यावर एक क्रमांक छापलेला असतो. संग्राहक हे क्रमांक मुखोद्गत करतात. फळीवर मधला एखादा क्रमांक नसला तर त्यांचा जीव कासावीस होतो. वास्तविक हा क्रमांक गुणानुक्रम नव्हे, ती मालिकेतील नोंद आहे. पण एकदा क्रमांक लागला की मनुष्यस्वभाव त्यात उतरंड पाहतो. त्या फळीवर 'आर्मागेडन' हा मायकेल बे यांचा धडाडधूम स्फोटांचा चित्रपटही क्रमांक ४० धारण करून बर्गमनच्या पंक्तीला बसलेला आहे, याची आठवण मग भाविकांना राहत नाही.

चित्रपट या यादीत येतो कसा? कलामूल्य हा निकष असतोच. परंतु त्याआधी दोन कठोर अटी असतात. चित्रपटाची चांगली प्रत कोठेतरी शिल्लक असली पाहिजे आणि तिचे हक्क मिळाले पाहिजेत. क्रायटेरियनचा घनिष्ठ संबंध आहे १९५६ साली स्थापन झालेल्या जेनस फिल्म्स या वितरणसंस्थेशी. बर्गमन, त्रुफो आदींचे चित्रपट अमेरिकेत नेणारी ती हीच संस्था. म्हणजे १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेच्या मोजक्या कलाचित्रगृहांत जे चालले, ते जेनसच्या तिजोरीत राहिले. जे तिजोरीत राहिले ते तबकडीवर आले. आणि जे तबकडीवर आले ते 'जागतिक अभिजात' ठरले. एका पिढीतील वितरकांची व्यापारी निवड पुढच्या पिढीचे सौंदर्यशास्त्र होऊन बसली!

याचा पुरावा पाहा. २०१० साली फ्रान्सच्या स्टुडिओकनाल या कंपनीकडील हक्कांचा करार संपला आणि क्रायटेरियनच्या सूचीतील अनेक चित्रपटांची विक्री थांबली. त्यात 'द थर्ड मॅन' होता आणि साक्षात क्रमांक १ चा 'ग्रँड इल्युजन'ही होता. आदल्या दिवशी जो अभिजाततेचा मेरुमणी होता, तो दुसऱ्या दिवशी दुर्मीळ माल झाला. रेन्वा यांची प्रतिभा रातोरात आटली होती काय? आटली नव्हती. कागदावरचा करार संपला होता, इतकेच.

दुसरे उदाहरण जपानचे. २००९ साली कुरोसावा यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने क्रायटेरियनने त्यांच्या २५ चित्रपटांचा संच काढला. त्यांचेच समकालीन मिकिओ नारुसे. ऐंशीहून अधिक चित्रपट करणारे आणि जपानमध्ये ओझू, मिझोगुची यांच्या बरोबरीने ज्यांचे नाव घेतले जाते असे दिग्दर्शक. त्यांचे मात्र मोजकेच चित्रपट या मालिकेत आले, तेही उशिरा. परिणामी आपल्याकडील रसिकाला विचारा: कुरोसावांचे दहा चित्रपट तो घडाघडा सांगेल, नारुसेंचे नाव ऐकून गोंधळेल. यात त्याच्या रसिकतेचा दोष नाही. त्याला वाढलेल्या ताटाचा आहे.

तिसरे उदाहरण तर त्या संस्थेच्या अंगणातलेच. २०२० साली न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले की एक हजाराहून अधिक चित्रपटांच्या या सूचीत आफ्रिकी-अमेरिकी दिग्दर्शक अवघे चार आहेत. आपल्या दृष्टीत त्रुटी राहिल्याचे संस्थेच्या प्रमुखांनीही मान्य केले. आपल्याच देशातील, आपल्याच भाषेत चित्रपट करणारा मोठा समाज ज्या यादीला छत्तीस वर्षे नीट दिसला नाही, त्या यादीला मुळा-मुठेच्या काठावरचे काय दिसणार?

भारत म्हणजे एकच नाव?

आता आपल्या घराकडे वळू. या मालिकेत भारतीय चित्रपट कोणते? प्रामुख्याने सत्यजित राय यांचे: अपू चित्रत्रयी, 'जलसाघर', 'चारुलता', 'महानगर', 'नायक', 'देवी'. त्यांच्या जोडीला ऋत्विक घटक आणि मीरा नायर यांच्यासारखी थोडी नावे. अलीकडे पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ची भर पडली.

राय यांच्या थोरवीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्यांच्या चित्रपटांसाठी जे श्रम घेतले गेले, त्यांपुढेही नतमस्तक व्हावे. १९९३ साली लंडनमधील प्रयोगशाळेच्या आगीत अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जळकी रिळे कोणीही टाकून दिली असती. ती अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहात जपून ठेवली गेली. पुढे इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी वितळलेले जोड आणि चिकटलेला मेणकट थर हातांनी काढत सुमारे हजार तास काम केले आणि २०१५ साली 'पथेर पांचाली' पुन्हा लखलखीत होऊन पडद्यावर आला. हे श्रम होते म्हणून तो क्रमांक मिळाला.

पण परिणाम पाहा. परदेशी यादीवर पोसलेल्या रसिकाच्या लेखी भारतीय चित्रपटाचा जन्म १९५५ साली बंगालमध्ये झाला! त्यापूर्वी दादासाहेब फाळके झाले, बाबूराव पेंटर झाले, 'माणूस' आणि 'कुंकू' करणारे व्ही. शांताराम झाले, देहूच्या संताला पडद्यावर सदेह उभे करणारे विष्णुपंत पागनीस झाले, हे सारे त्याच्या दृष्टीने 'प्रादेशिक इतिहास'. २०२२ साली ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने १,६३९ समीक्षक-अभ्यासकांची मते घेऊन सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी केली. पहिल्या शंभरांत भारतीय चित्रपट एकच, 'पथेर पांचाली'. ही यादी क्रायटेरियनने केली असे कोणी म्हणणार नाही. पण मतदार जे पाहू शकला त्यातूनच निवडणार ना? जे चांगल्या प्रतीत, इंग्रजी उपशीर्षकांसह उपलब्धच नाही, त्याला मत कोण देणार?

यावर काही जण म्हणतील, 'एका खासगी दुकानदाराने काय विकावे हे तुम्ही का सांगता?' आक्षेप रास्त आहे. दुकानदाराशी आमचे भांडण नाहीच. भांडण आहे ते दुकानाच्या सूचीला पोथी समजणाऱ्या बुद्धिवाद्याशी. प्रसिद्ध दिग्दर्शक-अभिनेते त्या संस्थेच्या तबकड्यांनी भरलेल्या खोलीत जाऊन आवडीचे चित्रपट पिशवीत भरतात, त्याच्या चित्रफिती जगभर पाहिल्या जातात. २०२४ मध्ये तर ती खोलीच मोटारीवर चढवून रसिकांच्या भेटीला नेण्यात आली. हा विक्रीकलेचा उत्तम नमुना आहे. पण सर्व परंपरांवर प्रश्नचिन्ह लावणारे आपले विद्वान या एका परंपरेपुढे हात जोडून उभे राहतात, तेव्हा हसावे की रडावे?

दोष आपलाही

तरीही बोट दुसऱ्याकडे रोखून आपली सुटका होणार नाही. 'ग्रँड इल्युजन'ची मूळ निगेटिव्ह महायुद्धात जर्मनांनी बर्लिनला नेली, तेथून ती मॉस्कोला गेली आणि अखेर फ्रान्समधील तुलूझच्या संग्रहालयात ओळख पटून सापडली. तीन देशांच्या उलथापालथीतून एक निगेटिव्ह वाचली. आणि आपल्या पुण्यात? कोणतेही युद्ध नसताना, २००३ च्या जानेवारीत चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो जुन्या चित्रपटांची रिळे भस्मसात झाली. त्या दिवशी किती घरांत हळहळ व्यक्त झाली? किती विद्वानांनी लेखण्या उचलल्या?

तबकड्यांच्या बाबतीतही तेच. २००७ साली मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी देऊन चित्रपट सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणला, ही क्रांतीच होती. पण स्वस्ताईच्या त्या लाटेत बाजारातील कितीतरी तबकड्यांवर ओरखडलेल्या प्रती, कापलेली गाणी आणि कोपऱ्यात कायमची चिकटलेली जाहिरातमुद्रा असे. दिग्दर्शकाचे नाव वेष्टनावर शोधावे लागे. आपणच आपल्या वारशाला चणेफुटाण्याच्या पुडीत बांधले, तर जगाने त्याला मखरात का बसवावे? पिकते तेथे विकत नाही, हे खरे. पण जेथे पिकते तेथे निदान राखले तरी पाहिजे.

राखले की काय होते, याचे उदाहरणही आपल्याच दाराशी आहे. उदयशंकर यांचा १९४८ चा 'कल्पना' हा नृत्यचित्रपट पुण्याच्या संग्रहालयाने जपून ठेवला होता. ती प्रत होती म्हणून मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या संस्थेला तिचे पुनरुज्जीवन करता आले, २०१२ साली तो कान महोत्सवात झळकला आणि २०२२ साली क्रायटेरियनच्या संचातही दाखल झाला. पी. के. नायर यांच्यासारख्या व्रतस्थ माणसाने देशभर फिरून रिळे गोळा केली नसती, तर आज दाखवायला आपल्याजवळ काय उरले असते? मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था २०१४ पासून याच वाटेने चालली आहे; पाच लाख शेतकऱ्यांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून उभा राहिलेला श्याम बेनेगल यांचा 'मंथन' तिने पुनरुज्जीवित करून २०२४ मध्ये कानला नेला. म्हणजे मार्ग आहे. चालणारे कमी आहेत.

आपली यादी आपण करू या

उपाय बहिष्काराचा नाही. बर्गमन पाहावा, ओझू पाहावा, रेन्वा तर अवश्य पाहावा. पण त्यांच्या मापाने स्वतःला मोजून खाली मान घालण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील चित्रपट मंडळांनी वर्षातून एक महिना तरी मराठी आणि अन्य भारतीय भाषांतील जुन्या चित्रपटांसाठी राखावा. अभ्यासकांनी 'संत तुकाराम', 'कुंकू', 'शेजारी', 'श्यामची आई' यांवर असे लेख लिहावेत की चित्रपट पाहणाऱ्याने ते हाताशी ठेवावेत. धनिकांनी मंदिराच्या कळसासाठी जशी देणगी द्यावी, तशी एका चित्रपटाच्या पुनरुज्जीवनासाठी द्यावी. आणि प्रत्येक घराने एका रविवारी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत एकत्र बसून प्रभातचा एक चित्रपट पाहावा. आजीला गाणी पाठ असतील. नातवाला ती प्रथमच ऐकू येतील. अभिरुचीची परंपरा याच रीतीने हस्तांतरित होते, फळीवरच्या क्रमांकांनी नव्हे.

१९३७ साली व्हेनिसच्या परीक्षकांना तुकोबांची भाषा कळत नव्हती, तरी त्यांना तो चित्रपट कळला. आपल्याला ती भाषा जन्माने मिळाली आहे. तो चित्रपट थोर आहे हे सांगण्यासाठी आपण कोणत्या परदेशी तबकडीच्या क्रमांकाची वाट पाहत आहोत?