पोटरी दाबून पाहिली असती तर...

गेल्या पावसाळ्यात जिना उतरताना टाचेमागे कुणी काठी हाणल्यासारखे वाटले. वळून पाहिले, तर मागे चिटपाखरूही नव्हते.

त्याच संध्याकाळी एक्स-रे निघाला. हाडे शाबूत. ‘मुरगळलाय काका, बँडेज बांधा,’ म्हणून डॉक्टरांनी निरोप दिला. लंगडत का होईना, चालता येत होते. मीही निर्धास्त झालो. हयात बँकेत गेलेल्या माणसाचा शिक्क्याच्या कागदावर विश्वास असतोच! पण एक्स-रे हा हाडांचा साक्षीदार. पोटरीला टाचेशी बांधणारी अकिलीस कंडरा, शरीरातली सर्वांत जाड, ती तुटली तरी ती तूट त्यात थेट दिसत नाही.

महिन्याने दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला पालथे झोपवले, पावले पलंगाबाहेर काढायला लावली आणि पोटऱ्या दाबल्या. डावे पाऊल हलले. उजवे ढिम्म! ही तपासणी सिमंड्सने १९५७ मध्ये आणि थॉम्पसनने १९६२ मध्ये लिहून ठेवलेली. खर्च शून्य. ‘अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन घेतले होते का?’ असेही त्यांनी विचारले. घेतले होते. त्या जातीच्या औषधांनी कंडरा तुटू शकते, साठीनंतर अधिकच, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच दिलेला आहे. आधी कुणी विचारलेच नव्हते.

मग सोनोग्राफी. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली टाच दाखवायला बसलेला मी एकटाच बाप्या! आत डॉक्टर पाऊल वरखाली करीत होते आणि पडद्यावर तुटलेली टोके लांब जात, जवळ येत. एमआरआय महाग, त्यातली चित्रे बहुधा स्थिर. हा हलता तमाशा तिथे नाही. गंमत म्हणजे माझ्या कधीच न दुखलेल्या डाव्या पायातली कंडराही जाडसर निघाली. ‘दुखत नाही ना? मग चित्रावर उपचार करायचे नाहीत,’ डॉक्टर म्हणाले. वहीतली शिल्लक तिजोरीतल्या रोकडीशी ताडून पाहिल्याशिवाय आम्ही बँक बंद करीत नसू, ते आठवले.

यंत्रे हवीतच. माझे भांडण आहे ते पायाला हात न लावता फिल्म उजेडाकडे धरून निकाल देण्याशी. त्या महिन्यात टोके मागे सरली होती, शस्त्रक्रिया मोठी झाली. अजूनही उजव्या चवड्यावर उभे राहून फळीवरचा डबा काढता येत नाही. सौ. काढून देते.