धाबे आणि डांबर

मृग जवळ आला की खानदेशातल्या जुन्या माणसाला स्वस्थ झोप येत नसे. धाब्यावर चढायचे, भेगा शोधायच्या, खारी माती पसरून चोपायची, पन्हळ मोकळा करायचा. पाऊस कोसळू लागल्यावर माती शोधणाऱ्याला गाव हसत असे. आज तेच गाव रस्त्याच्या बाबतीत तसेच वागते, आणि हसू मात्र कुणालाच येत नाही!

जळगाव घ्या, धुळे घ्या. डांबरी रस्ता होतो, नारळ फुटतो, छायाचित्र छापून येते. पुढे त्या रस्त्याला वाली नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. वर्षानुवर्षे उन्ह खाऊन डांबर ताठर होते, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. भेग क्षुल्लक खरी. पण खाली आमची काळी माती आहे. कापसाला ती माउली, रस्त्याला वैरीण! पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. भेगेतून पाणी मुरते, खालचा थर पोकळ होतो आणि केळीचा एखादा ट्रक गेला की खड्डा पडतो. ट्रकने रस्ता मोडला, असे आपण म्हणतो. वास्तविक पाण्याने तो आधीच मारलेला असतो.

उपाय गुपित नाही. भेग दिसताच डांबराने बुजवावी, साइडपट्टीला उतार ठेवावा, गटार उपसावे, नळासाठी खणलेला चर थराथराने ठोकून भरावा. इंडियन रोड्स काँग्रेसने या देखभालीची संहिता १९८२ सालीच काढली आहे.

पैसा नाही, हे उत्तर खोटे आहे. भेगेला नसलेला पैसा नव्या रस्त्याला बरोबर निघतो. भेग बुजवण्याचा समारंभ करता येत नाही, एवढेच खरे कारण!

चांगला रस्ता हा नागरिकांचा मूलभूत हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. पण आपण तरी काय करतो? सांडपाणी रस्त्यावर सोडतो, मांडवाच्या खांबासाठी डांबरात भोक पाडतो आणि मांडव उतरला की ते तसेच टाकून जातो.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याखाली खड्डा दिसत नाही. रात्रपाळी करून दुचाकीवर घरी निघालेल्या माणसाला तर नाहीच. त्याच्या घरचे छप्पर त्या एका क्षणात जाते.

उद्‌घाटनाच्या पाट्या पुष्कळ झाल्या. मृगापूर्वी कोणत्या रस्त्याच्या भेगा बुजवल्या, त्याची यादी दरवर्षी प्रत्येक प्रभागात लागली पाहिजे. आणि ती लागली नाही, तर विचारायला आपण गेले पाहिजे.