चष्मा पत्रकाराचा फुटला, टाळ्या मतदारांनी वाजवल्या

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली एक घटना आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. निवडणुका आल्या की मी ती कुणाला ना कुणाला ऐकवतोच, कारण ती ऐकताना प्रत्येकाला आपल्याच वॉर्डातला कुणीतरी आठवतो.

२४ मे २०१७ची संध्याकाळ. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या एका जागेची पोटनिवडणूक होती आणि मतदान दुसऱ्याच दिवशी होतं. रिपब्लिकन उमेदवार ग्रेग जियानफोर्टे यांना ‘गार्डियन’चे बातमीदार बेन जेकब्ज यांनी एक साधा प्रश्न विचारला. आरोग्य विम्याच्या नव्या विधेयकाबद्दल भूमिका घेण्याआधी अर्थसंकल्प कार्यालयाचा अहवाल पाहू, असं जियानफोर्टे सांगत आले होते. तो अहवाल त्याच दिवशी आला होता. विधेयक मंजूर झालं तर २०२६पर्यंत आणखी २ कोटी ३० लाख लोक विम्याविना राहतील, असं त्यात म्हटलं होतं. आता तुमचं काय म्हणणं आहे, एवढंच जेकब्जना हवं होतं.

उत्तर म्हणून उमेदवाराने त्यांना जमिनीवर आपटलं. चष्मा फुटला. खोलीत फॉक्स न्यूजचे लोक हजर होते. ही वाहिनी रिपब्लिकनांच्या बाजूची मानली जाते, तरीही त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. जेकब्जचा रेकॉर्डरही चालू होता. तरी प्रचार कार्यालयाने पत्रक काढलं की पत्रकारच अंगावर आला, आणि तो ‘लिबरल’ आहे हे त्यात आवर्जून घातलं. (मार खाणाऱ्याची विचारसरणी आधी तपासायची, ही खोड फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.) राज्यातल्या तीन मोठ्या वृत्तपत्रांनी रातोरात पाठिंबा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी जियानफोर्टे साधारण सहा टक्क्यांच्या फरकाने निवडून आले.

बरीच मतं टपालाने आधीच पडली होती, हे खरं आहे. त्या मतदारांना मी दोष देत नाही. पण पुढे काय झालं ते पाहा. जूनमध्ये जियानफोर्टेंनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. जेकब्जनी आधी हात लावला नव्हता, हे स्वतः माफीपत्रात लिहून दिलं. चाळीस तास समाजसेवा, वीस तास राग आवरण्याचं प्रशिक्षण आणि ३८५ डॉलरचा भुर्दंड अशी शिक्षा झाली. म्हणजे आता कुणाच्या मनात शंका उरायचं कारण नव्हतं. २०१८मध्ये ते पुन्हा निवडून आले, २०२०मध्ये तर राज्यपालपदी निवडून आले, आणि तिकडे राज्यपाल म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच.

ऑक्टोबर २०१८मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मोंटानातल्याच मिझूला इथल्या सभेत या आपटण्याचं कौतुक केलं आणि लोकांनी जल्लोष केला. इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात जमाल खशोगी यांची हत्या होऊन तेव्हा पुरते तीन आठवडेही झाले नव्हते.

मला राग येतो तो त्या जल्लोषाचा. उमेदवार चिडतो, हात उचलतो, त्यासाठी कायदा आहे. पण विम्याबद्दलचा तो प्रश्न कुणाचा होता? टाळ्या वाजवणाऱ्यांचाच. दवाखान्याचं बिल त्यांनाच भरायचं होतं. त्यांच्या वतीने विचारणाऱ्याला आपटलं आणि त्यांना वाटलं, आपली बाजू जिंकली!

आता घरी या. मोंटानातल्या घटनेच्या दीड-दोन महिने आधी, एप्रिल २०१७मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा मंजूर केला. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. कायदा आहे, तरी उमेदवारांची वागणूक तुम्ही रोज मोबाइलवर पाहताच. दुसरा मार्ग गोड आहे. सप्टेंबर २०२३मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांची ध्वनिफीत गाजली. निवडणुकीपर्यंत विरोधात बातमी येऊ नये म्हणून पत्रकारांना चहा पाजा, ढाब्यावर न्या, असा सल्ला त्यात कार्यकर्त्यांना होता. पत्रकारांना सन्मानाने वागवा असं म्हणायचं होतं, असा खुलासा नंतर झाला. आपण सगळ्यांनी मीम फिरवले, मनसोक्त हसलो.

पण त्याच महिन्यात ‘इंडिया’ आघाडीने चौदा टीव्ही निवेदकांच्या कार्यक्रमांवर बहिष्कार जाहीर केला, तेव्हा आपले ग्रुप खूश होते. यातल्या काहींचे कार्यक्रम मलाही बघवत नाहीत. आपल्या समाजाला रोज रात्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्याकडे जाऊन बसायला कुणी नकार दिला तर ते मी समजू शकतो, आणि नकार म्हणजे मारहाण नव्हे. तरीही कोण पत्रकार आणि कोण नाही याची यादी राजकीय पक्षांनी बनवायची, याला मी टाळी वाजवणार नाही. उद्या दुसरा पक्ष यादी बनवेल आणि त्यात आपल्या बाजूने लिहिणारे असतील.

आणि आपल्या मोहल्ल्यातलं काय? जुम्म्यानंतर मशिदीबाहेर हात जोडून उभा राहणारा उमेदवार. नळाला दिवसाआड पाणी, उर्दू शाळेला शिक्षक नाही, गटार रस्त्यावर. यूट्यूब चॅनल चालवणारा आपलाच एखादा पोरगा माइक पुढे करून विचारतो, “पाच वर्षांत काय केलंत?” तर चार कार्यकर्ते त्याचा माइक खाली करतात आणि आपण काय म्हणतो? “विरोधकांकडून पैसे घेतले असतील.” “कौमची बदनामी करतोय.” “आत्ता वेळ नाही या गोष्टींची, आधी त्यांना हरवू द्या.” शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण त्या भीतीच्या जोरावर आपला उमेदवार वर्षानुवर्षं एकही उत्तर न देता निवडून येतो, हेही तितकंच खरं आहे. त्याला मत द्यायचं तर द्या. माइक खाली करणारा हात मात्र तुमचा नसावा, आणि पोराच्या बाजूला निदान दोघं तरी उभे राहावेत.

असं करणं म्हणजे पक्ष बदलणं नव्हे. मोंटानातल्या गॅलाटिन काउंटीच्या शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाने, जियानफोर्टेंच्या प्रचाराला २५० डॉलर दिले होते. ते त्याने स्वतःच जाहीर केलं, आणि त्याच रात्री, मतदान काही तासांवर असताना, मारहाणीचा आरोपही नोंदवला.